स्टेनलेस स्टीलमधले मिश्रघटक आणि मालाची ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा इथले फॅब्रिकेटर, जालना-लातूरकडची मशीन शॉप, साखर कारखान्यांची देखभाल खाती आणि आयटीआयचे विद्यार्थी यांच्याकडून हे प्रश्न सतत येतात. ग्रेडचे नंबर सगळ्यांना पाठ असतात. त्या नंबरामागे कोणता घटक काय काम करतो, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. उत्तरांमधले टक्के वजनाचे आहेत. वेगळा उल्लेख नसेल तिथे ताकदीचे आकडे अ‍ॅनील केलेल्या (तापवून मऊ केलेल्या) पत्र्याचे, एएसटीएम ए२४० या अमेरिकी मानकातले किमान आकडे आहेत.

निकेल जास्त म्हणजे माल मजबूत, असं दुकानदार सांगतात. खरं आहे का?

नाही. सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच आहे.

निकेल ताकद फारशी वाढवत नाही, ते रचना ठरवतं. लोखंडात नुसतं क्रोमियम घातलं तर फेरिटिक रचना मिळते: चुंबकाला चिकटणारी आणि ओढायला मर्यादा असलेली. त्यात ८ टक्क्यांच्या आसपास निकेल गेलं की खोलीच्या तापमानालाही ऑस्टेनाइट टिकून राहतं. ही रचना वाकते, खोल ओढली जाते, वेल्डिंगला सोपी असते आणि उणे १९६ अंशांतही ठिसूळ होत नाही. दवाखान्यांतल्या द्रवरूप ऑक्सिजनच्या टाकीचं आतलं भांडं ३०४ चं असतं ते यामुळेच.

आकड्यांत पाहायचं तर अ‍ॅनील केलेल्या ऑस्टेनिटिक मालाच्या यील्डसाठी (ज्या ताणाला कायमचा वाक सुरू होतो तो) धातुशास्त्रज्ञ पिकरिंग यांचं समीकरण वापरतात. त्यानुसार ०.१ टक्का नायट्रोजन सुमारे ४९ एमपीए (मेगापास्कल, ताकद मोजायचं एकक) वाढवतो आणि ०.१ टक्का कार्बन सुमारे ३५. एक पूर्ण टक्का सिलिकॉन २०, एक टक्का मॉलिब्डेनम साधारण १४ आणि एक टक्का क्रोमियम जेमतेम ४ एमपीए देतं. निकेल आणि मँगनीज त्या समीकरणात येतच नाहीत. लोखंडाच्या अणूंच्या मधल्या फटीत बसणारे बारीक अणू, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन, जाळी जास्त ताणतात. लोखंडाची जागा घेणारे मोठे अणू तेवढी ताणत नाहीत.

म्हणून कोणत्याही घटकाबद्दल विचारण्याआधी माल ऑस्टेनिटिक आहे, फेरिटिक, मार्टेन्सिटिक (तापवून झटपट थंड केल्यावर कडक होणारा) की ड्युप्लेक्स (निम्मं फेरिट, निम्मं ऑस्टेनाइट), हे पाहा. एकाच कार्बनचा परिणाम या चारांत चार तऱ्हेचा होतो.

क्रोमियम नेमकं किती लागतं आणि जास्त झालं तर काय बिघडतं?

किमान १०.५ टक्के. त्यापुढे पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा क्रोमियम ऑक्साइडचा थर बसतो आणि ओरखडा पडला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा तयार होतो. ४०९ मध्ये १०.५ ते ११.७, ४३० मध्ये १६ ते १८, ३०४ मध्ये १७.५ ते १९.५ टक्के क्रोमियम असतं. गाड्यांचा सायलेन्सर ४०९ चा असतो. तो वरून तांबूस दिसतो, पण लवकर भोक पडत नाही. त्या कामाला तेवढं पुरतं.

क्रोमियम वाढवत नेलं तर दोन संकटं येतात. ६०० ते ९०० अंशांत बराच वेळ राहिलेल्या मालात सिग्मा नावाची कठीण, ठिसूळ फेज तयार होते. आणि फेरिटिक व ड्युप्लेक्स माल ४७५ अंशांच्या आसपास ठिसूळ होतो. दोन्हीत बाहेरून काही दिसत नाही. हातोड्याचा फटका बसला की तुकडा पडतो.

२०२, जे-४ वगैरे माल ३०४ पेक्षा कडक लागतो. मग तो चांगला नाही का?

कडक लागतो हे खरं आहे. त्याच २०० मालिकेतल्या २०१ मध्ये निकेल ३.५ ते ५.५, मँगनीज ५.५ ते ७.५ आणि नायट्रोजन ०.२५ टक्क्यांपर्यंत असतो. बाजारात जे-४ म्हणतात त्यात निकेल एक टक्क्याच्या आसपास येतं. मँगनीज आणखी वाढवतात आणि सोबत दीड-दोन टक्के तांबं घालतात. निकेलची जागा मँगनीज घेतं ते मुख्यतः नायट्रोजन विरघळवून ठेवायला. वाढलेली ताकद त्या नायट्रोजनची असते. ३०४ ची किमान यील्ड २०५ एमपीए, २०१ ची २६० किंवा त्याहून जास्त.

अडचण गंजाची आहे. इतक्या कमी निकेलवर १८ टक्के क्रोमियम धरून ऑस्टेनाइट टिकवणं जमत नाही, म्हणून क्रोमियम १५-१६ पर्यंत खाली आणावं लागतं. कोरड्या जागेतल्या रेलिंगला, फर्निचरला, खुर्च्यांना हा माल चालतो. बोअरच्या पाण्याची टाकी, लोणच्याचं भांडं, दूध संकलन केंद्रातली टाकी यांना तो लावू नका. तिथे फरक महिन्यांतच दिसतो. वाकवतानाही लक्षात ठेवा: स्प्रिंगबॅक (वाकवल्यावर पत्रा मागे उसळणं) जास्त येतो, त्यामुळे ३०४ साठी बसवलेला कोन तसाच वापरला तर काटकोन उघडा राहतो.

खोल ओढलेले डबे प्रेसमधून चांगले निघतात आणि दुसऱ्या दिवशी काठाला उभे फाटतात. डाय बिघडली का?

बहुतेक वेळा दोष डायचा नसतो. याला उशिरा येणारी चीर म्हणतात आणि २०० मालिकेत ती खास दिसते. ओढताना काठाजवळचं ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये बदलतं. कार्बन आणि नायट्रोजन जास्त असल्याने हे मार्टेन्साइट कठीण आणि ठिसूळ असतं. काठावर घेरभर ताण अडकून राहतो, मालात थोडा हायड्रोजन असतो, आणि काही तासांनी किंवा दिवसांनी काठ वरून खाली उकलतो.

उपाय क्रमाने करा. पहिल्या ड्रॉचं (ओढीचं) प्रमाण कमी करून एक ड्रॉ वाढवा. काठ लगेच ट्रिम करा, कारण सर्वांत जास्त ताण तिथेच असतो. दोन ड्रॉंच्या मध्ये १०५० अंशांच्या आसपास अ‍ॅनील करा आणि भट्टीतून काढल्यावर झपाट्याने थंड करा. तरीही फाटत असेल तर तांबं जास्त असलेली कॉइल मागा. तांबं वर्क हार्डनिंग (वाकवता-ओढताना माल कडक होणं) मंद करतं आणि मार्टेन्साइट कमी बनू देतं. ओढकामाच्या मालात ते घालण्याचं कारण हेच आहे.

३०४ च म्हणून घेतलं, पण वाकवलेल्या जागी चुंबक चिकटतो. फसवणूक झाली का?

नुसत्या चुंबकावरून तसं म्हणता येत नाही. अ‍ॅनील केलेलं ३०४ चुंबकाला ओढत नाही. तेच वाकवलं, ओढलं, ठोकलं की काही भाग मार्टेन्साइट होतो आणि चुंबक धरतो. किती होईल हे रसायनावर ठरतं. त्यासाठी एमडी-३० हे तापमान काढतात. या तापमानाला ०.३० इतका खरा स्ट्रेन दिला की निम्मं ऑस्टेनाइट मार्टेन्साइट होतं. सूत्र असं:

एमडी-३० = ४१३ − ४६२ × (कार्बन + नायट्रोजन) − ९.२ × सिलिकॉन − ८.१ × मँगनीज − १३.७ × क्रोमियम − ९.५ × निकेल − १८.५ × मॉलिब्डेनम

एक कॉइल घ्या: कार्बन ०.०५, नायट्रोजन ०.०५, सिलिकॉन ०.५, मँगनीज १.२, क्रोमियम १८.२, निकेल ८.१. उत्तर येतं सुमारे २६ अंश सेल्सियस. बाकी सगळं तेच ठेवून निकेल ९.५ केलं तर उत्तर १३ अंशांवर येतं. दोन्ही कॉइल कागदावर ३०४ च. पहिली ओढताना लवकर कडक होईल, चुंबक धरेल, टेन्साइल (तुटण्याआधीचा कमाल ताण) जास्त देईल. दुसरी मऊ राहील आणि खोल ड्रॉ सहन करेल. वेगवेगळ्या हीटचा (भट्टीतल्या एकेका वितळणीचा) माल एकाच डायवर वेगळा का वागतो, याचं उत्तर इथे आहे.

आपल्याकडे हवामानाचाही हात लागतो. मे महिन्यात शेडमध्ये ४२ अंश असतात. डिसेंबरच्या पहाटे परभणीकडे पारा फार खाली जातो. थंड पत्र्यात मार्टेन्साइट जास्त बनतं. हिवाळ्यातल्या पहिल्या पाळीत फाटण्याचं प्रमाण वाढत असेल, तर डायला हात लावण्याआधी कॉइल रात्री उघड्यावर पडली होती का, हे पाहा.

हाच गुण कोणी दोष मानत नाही अशी एक जागा म्हणजे रेल्वे आणि मेट्रोच्या डब्यांचा सांगाडा. लातूरला डब्यांचा कारखाना आल्यापासून ३०१ एलएनबद्दल खूप विचारणा होते. त्यात निकेल मुद्दाम ६ ते ८ टक्के, कार्बन ०.०३० च्या आत आणि नायट्रोजन ०.०७ ते ०.२० ठेवतात. कोल्ड रोलिंगमध्ये तो माल झपाट्याने मजबूत होतो, आणि कार्बन कमी असल्याने वेल्डिंगनंतर टाक्याजवळ (वेल्डच्या जोडाजवळ) गंजत नाही.

३०४ एल घेतलं तर ताकद कमी मिळते म्हणे. टाकी जाड करावी लागेल का?

कागदावर हो: ३०४ ची किमान यील्ड २०५ आणि टेन्साइल ५१५ एमपीए, तर ३०४ एलची १७० आणि ४८५. पण हिशेब करून बघा. कार्बन ०.०५ वरून ०.०२ वर आला की वरच्या समीकरणाने साधारण १०.६ एमपीए जातात. स्टील बनवणाऱ्या गिरणीने नायट्रोजन फक्त ०.०२ टक्क्याने वाढवला की ९.९ एमपीए परत येतात. म्हणूनच आज बराच माल ३०४/३०४ एल असा दुहेरी सर्टिफिकेटचा मिळतो: कार्बन एलच्या मर्यादेत, ताकद साध्या ३०४ ची. सर्टिफिकेटवर दोन्ही ग्रेड लिहिलेले असतील आणि यील्ड २०५ च्या वर असेल, तर जाडी वाढवायचं कारण नाही.

कार्बन कमी कशासाठी करतात तेही समजून घ्या. टाक्याशेजारची पट्टी ४२५ ते ८१५ अंशांत राहिली की कार्बन क्रोमियमला ओढून कणांच्या सीमेवर कार्बाइड बनवतो. सीमेलगतचं क्रोमियम कमी होतं आणि माल तिथून गंजतो. पुढे त्या ओळीतच चीर पडते. आर्गन वेल्डिंग करताना दोन रनमधलं तापमान १५० अंशांच्या खाली ठेवा. हे मोजायला टेम्परेचर चॉक मिळतो, तो वापरा. हाताच्या अंदाजाने हे जमत नाही.

मग टायटॅनियम, निओबियम कशाला घालतात?

कार्बनला आधीच बांधून टाकायला. ३२१ मध्ये टायटॅनियम हे कार्बन-नायट्रोजनच्या बेरजेच्या पाचपट तरी लागतं, ३४७ मध्ये निओबियम कार्बनच्या दहापट. ४५० अंशांच्या वर सतत चालणाऱ्या पाइपांना हे ग्रेड उपयोगी पडतात. ३२१ ला आरशासारखं बफिंग येत नाही, कारण टायटॅनियमचे कठीण कण पृष्ठभागावर रेघा ओढतात. ३२१ ला फिलर (वेल्डिंगची भरण तार) ३४७ चा वापरतात, कारण टायटॅनियम आर्कमध्ये जळून जातं.

बोअरचं पाणी खारं आहे. ३०४ चालेल की ३१६ घ्यावं?

आधी पाण्याचा क्लोराइड तपासून घ्या; दोन्ही ग्रेडचा निकाल त्या एका आकड्यावर लागतो. साध्या तापमानाला ३०४ साठी लिटरला २०० मिलिग्रॅम आणि ३१६ साठी १००० मिलिग्रॅम हा सर्वसाधारण मार्गदर्शक आकडा धरतात. पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० मध्ये क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १००० पर्यंत परवानगी आहे. म्हणजे पाणी पिण्याला चालतं, म्हणून ३०४ ला चालेल असं होत नाही. उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी अर्धी राहते, पाणी उडून क्षार कडेला साचतात. तिथला आकडा बोअरच्या रिपोर्टपेक्षा जास्त असतो.

मॉलिब्डेनम इथे कामाला येतं. ३१६ मध्ये ते २ ते ३ टक्के असतं. खड्डे पडण्याला होणारा विरोध पीआरईएन या आकड्याने मोजतात: क्रोमियम + ३.३ × मॉलिब्डेनम + १६ × नायट्रोजन. नेहमीच्या ३०४ ला तो १९ च्या आसपास येतो, ३१६ ला २४, २२०५ ड्युप्लेक्सला ३५. यांत्रिक बाजूने मॉलिब्डेनमची भर थोडीच आहे. गरम स्थितीत मात्र ते माल ढिला पडू देत नाही.

पाणी गरम असेल तर गोष्ट बदलते. सोलर वॉटर हीटरची ३०४ ची टाकी, आत ६० ते ८० अंशांचं क्षारयुक्त पाणी: टाक्याजवळ केसासारख्या फांद्या फुटलेल्या चिरा दिसतात आणि पत्र्याची जाडी जराही कमी झालेली नसते. ही ताण आणि क्लोराइड यांनी मिळून पाडलेली चीर आहे. ८ ते १० टक्के निकेलचा माल तिला सगळ्यात जास्त बळी पडतो. ३१६ ने सुटका होत नाही, फक्त वेळ मिळतो. अशा टाकीला ४४४ (क्रोमियम १८ च्या आसपास, मॉलिब्डेनम २, निकेल जवळजवळ नाही) किंवा ड्युप्लेक्स घ्यावं.

साखर कारखान्यातल्या ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरच्या नळ्यांना ३०४ बरोबर ४३९ चा विचार होतो तो याच कारणाने. त्यात निकेल नाही, टायटॅनियम आहे. उष्णता तो ३०४ पेक्षा चांगली नेतो आणि तापल्यावर कमी वाढतो, त्यामुळे नळी-प्लेटच्या जोडावर ताण कमी येतो. जाड भागात मात्र फेरिटिक माल घेऊ नये: वेल्डिंगच्या उष्णतेने कण मोठे होतात आणि तो भाग ठिसूळ राहतो. ३ मिलिमीटरपर्यंतचा पत्रा आणि पातळ नळ्या, एवढीच त्याची हद्द समजा.

सबमर्सिबल पंपाचा ४१० चा शाफ्ट सारखा तुटतो. वाळूमुळे का?

वाळू घासते, शाफ्ट तोडत नाही. तुटलेलं तोंड पाहा. दाणेदार, चमकदार आणि सपाट असेल तर टेम्परिंग (कडक केलेला माल पुन्हा बेताने तापवणं) चुकलं असण्याची शक्यता मोठी आहे.

४१० मध्ये कार्बन ०.०८ ते ०.१५ आणि क्रोमियम ११.५ ते १३.५ टक्के. इथे कार्बन मार्टेन्साइट कठीण करतो, म्हणून उष्णतेची प्रक्रिया सगळं ठरवते. ९८० ते १०१० अंशांवर धरून तेलात किंवा हवेत थंड केलं की हार्डनेस ४० एचआरसीच्या (रॉकवेल सी मापाच्या) आसपास येतो. त्यानंतर टेम्परिंग लगेच करायचं असतं; सकाळी बघू म्हणून रात्रभर ठेवलेल्या शाफ्टला चीर जाऊ शकते. टेम्परिंग ३७० ते ५६५ अंशांच्या पट्ट्यात केलं तर हार्डनेस चांगला दिसतो, पण फटका सोसण्याची ताकद कोसळते. पंप चालू होतानाचा झटका आणि विजेचा दाब कमी-जास्त होणं, हे फटकेच आहेत. शाफ्टसाठी ६०० ते ६५० अंशांवर टेम्पर करून २० ते २६ एचआरसी घ्यावा. ‘जास्त हार्ड करून द्या’ अशी मागणी शाफ्टच्या मुळावर येते. झिजेची भीती असेल तर बेअरिंगच्या जागी स्लीव्ह बसवा.

पाणी खारं असेल तर ४३१ बघा. त्यात क्रोमियम १५ ते १७ आणि निकेल १.२५ ते २.५ असतं. एवढ्या क्रोमियमला निकेल नसतं तर रचनेत मऊ फेरिट शिल्लक राहिलं असतं. निकेल ते दाबतं आणि चिवटपणाही देतं.

चाकू-सुऱ्यांना वेगळा ग्रेड का?

धार टिकायला कार्बन हवा. ४२० मध्ये कार्बन ०.१५ च्या वर असतो, त्यातल्या जास्त कार्बनच्या मालाला ५० एचआरसीच्या पुढे नेता येतं. ४४० सी मध्ये ०.९५ ते १.२० टक्के कार्बन, हार्डनेस ५८ पर्यंत. कार्बन वाढला की तो क्रोमियम खातो, म्हणून ४४० सी ला १६ ते १८ टक्के क्रोमियम देऊनही त्याला ३०४ इतका गंजविरोध येत नाही.

लेथवर ३०३ लोण्यासारखं चालतं. सगळंच ३०३ मध्ये का करू नये?

३०३ मध्ये किमान ०.१५ टक्के गंधक असतं. ३०४ मध्ये ते ०.०३० च्या आत. गंधकाचे मँगनीज सल्फाइडचे लांबट कण चिप्स तोडतात, म्हणून टूल टिकतं. तेच कण आडव्या दिशेने माल कमजोर करतात आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. वेल्डिंग केलं तर टाका गरम असतानाच फाटतो. नट, बुश, फिटिंग यांना ३०३ उत्तम. जोडायच्या किंवा दाबाखाली राहणाऱ्या भागाला नको.

गंधकाची दुसरी बाजू डेअरी आणि औषध कारखान्यांच्या पाइपलाइनमध्ये दिसते. तीच मशीन, तोच करंट, तोच आर्गन. तरी एका लॉटला टाका आत उतरतो, दुसऱ्याला रुंद पसरतो आणि मुळाशी जोड उघडा राहतो. गंधक ०.००५ टक्क्यांच्या खाली गेलं की वितळलेला धातू मधून कडेला वाहतो आणि टाका उथळ होतो. थोडं जास्त असलं की तो कडेकडून मध्ये येतो आणि खोल उतरतो. एका बाजूला ०.००२ चा पाइप आणि दुसऱ्या बाजूला ०.०१५ चा एल्बो आला तर टाका कमी गंधकाच्या बाजूला सरकतो. ऑर्बिटल वेल्डिंगच्या (पाइपभोवती आपोआप फिरणाऱ्या वेल्डिंगच्या) कामाला खरेदी करतानाच ०.००५ ते ०.०१७ ही मर्यादा लिहून द्या, पाइप आणि फिटिंग दोन्हींना.

जास्त ताकदीचा ग्रेड घेतला की प्लॅटफॉर्मची लचक कमी होईल ना?

होणार नाही. लचक लवचिकता गुणांकावर अवलंबून असते. ३०४ ला तो १९३ जीपीए (१ जीपीए म्हणजे १००० एमपीए), २२०५ ला २०० च्या आसपास. मिश्रघटकांनी तो जवळजवळ हलत नाही. २२०५ ची यील्ड ४५० एमपीए, म्हणजे ३०४ च्या दुपटीहून जास्त. कायमचा वाक येण्याआधी ती दुप्पट भार घेईल, पण त्याच भाराखाली खाली बसेल तेवढीच. लचक घालवायची तर सेक्शनची खोली वाढवा किंवा खाली पट्टी द्या.

२२०५ चा फायदा दाबाच्या भांड्यांत आणि मोठ्या टाक्यांत, जिथे जाडी ताकदीवर ठरते. क्रोमियम २२-२३, निकेल ४.५ ते ६.५, मॉलिब्डेनम ३ ते ३.५, नायट्रोजन ०.१४ ते ०.२०. निम्मं फेरिट, निम्मं ऑस्टेनाइट. वेल्डिंग करताना फिलरशिवाय टाका मारू नका. २२०९ फिलरमध्ये निकेल ८-९ टक्के असतं ते टाक्यात ऑस्टेनाइट परत यावं म्हणूनच. आणि २५० अंशांच्या वर सतत चालणाऱ्या जागी हा ग्रेड लावू नका.

१७-४ पीएच इतकं महाग का आणि कुठे घ्यावं?

त्यात ३ ते ५ टक्के तांबं असतं आणि ते एजिंग करताना (ठरलेल्या तापमानाला काही तास ठेवताना) अतिसूक्ष्म कणांच्या रूपात बाहेर पडून माल कडक करतं. १०४० अंशांवरून थंड केलेला माल आधी मशीन करायचा, मग ४८२ अंशांवर एक तास ठेवायचा: यील्ड किमान ११७० आणि टेन्साइल १३१० एमपीए. मालाचं माप ०.०४ ते ०.०६ टक्क्याने आखडतं, म्हणजे १०० मिलिमीटरच्या शाफ्टला ०.०४ ते ०.०६ मिलिमीटर. फिनिश टॉलरन्स धरताना हे आधीच सोडा. फटके बसणाऱ्या भागाला ही अवस्था नको. ६२१ अंशांवर चार तास एजिंग करा. यील्ड ७२५ वर येते, चिवटपणा खूप वाढतो.

भट्टीतल्या बास्केटला ३१० घेतलं, तरी सडलं. का?

३१० मध्ये क्रोमियम २४ ते २६, निकेल १९ ते २२. स्वच्छ हवेत ते १००० अंशांच्या वर तग धरतं. पण इंधनात गंधक असेल आणि ज्वाळेत ऑक्सिजन कमी असेल तर निकेल आणि गंधकाचं मिश्रण ६४० अंशांच्या आसपासच वितळतं आणि कणांच्या सीमा खाऊन टाकतं. फर्नेस ऑइलवर चालणाऱ्या भट्टीत कमी निकेलचा, जास्त क्रोमियमचा ४४६ जास्त टिकतो, मात्र तो थंड असताना आपटू नका. ३१० ला ६०० ते ९०० अंशांत बराच काळ ठेवलं तर सिग्मामुळे थंडपणी तडकतं, हेही ध्यानात असू द्या.

जालन्यात एवढं स्टील बनतं, तिथेच स्टेनलेस का घेऊ नये?

जालना प्रसिद्ध आहे ते बांधकामाच्या सळईसाठी. तो कार्बन स्टीलचा माल आहे आणि त्याची ताकद पाण्याने झटपट थंड करून येते, क्रोमियम-निकेलमधून येत नाही. दोन्ही धंदे वेगळे आहेत. स्टेनलेस घेताना गिरणीचं सर्टिफिकेट देणारा विक्रेता शोधा.

ग्रेड खरा आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

चुंबकाने ४०० मालिका वेगळी काढता येते, त्यापुढे त्याचा उपयोग नाही. भंगार बाजारात मिळणारं टेस्टिंगचं थेंब-रसायन ९ व्होल्टच्या बॅटरीसोबत वापरतात. २०० मालिकेवर गडद लाल रंग येतो, ३०४ वर येत नाही. दारात उतरलेल्या मालाला एवढी चाचणी बरी आहे. मॉलिब्डेनमसाठी वेगळं रसायन मिळतं.

एक्सआरएफ गन (क्ष-किरणांनी घटक ओळखणारं हातातलं यंत्र) क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, मँगनीज नीट दाखवते, पण कार्बन आणि नायट्रोजन तिला दिसत नाहीत. गनच्या भरवशावर ‘३०४ एल आहे’ असं कोणी सांगितलं तर मान्य करू नका. त्यासाठी प्रयोगशाळेत स्पार्क स्पेक्ट्रोमीटरवर तुकडा तपासावा लागतो. टेन्साइलसाठी आयएस १६०८ प्रमाणे पट्टी कापून द्या. पट्टी गॅसने कापू नका, कडेची उष्णता निकाल बिघडवते.

सर्टिफिकेटवरचा हीट नंबर पत्र्यावर छापलेल्या नंबराशी जुळवून घ्या. मग निकेल ८.० ला टेकलेलं आहे की ८.५, गंधक किती, नायट्रोजन लिहिला आहे का, हे पाहा.

३०४ ला ड्रिल मारताना टोक जळतं, बोल्ट आवळताना आटे चिकटतात. उपाय?

दोन्हींचं मूळ वर्क हार्डनिंगमध्ये आहे. ड्रिल नुसता घासत राहिला की खालचा थर कडक होतो आणि पुढे टोक चालत नाही. ५ टक्के कोबाल्टचा एचएसएस ड्रिल घ्या. ८ मिलिमीटरला सुमारे ४८० फेरे आणि प्रत्येक फेऱ्याला ०.१० ते ०.१५ मिलिमीटर फीड ठेवा. कूलंट भरपूर सोडा. मध्ये थांबून टेकवून ठेवू नका: एक तर कापा, नाहीतर ड्रिल वर घ्या. बारीक पंच मारून केलेली खूणही पृष्ठभाग कडक करते, म्हणून खोल पंच टाळा.

ए२-७० बोल्टची (ए२ म्हणजे ३०४ च्या जातीचा, ए४ म्हणजे ३१६ च्या) टेन्साइल ७०० एमपीए असते ती कोल्ड वर्कमधूनच आलेली. आवळताना आट्यांवरचा ऑक्साइड थर घासून निघतो आणि धातूला धातू चिकटतो. इम्पॅक्ट गन वापरू नका. सावकाश आवळा, निकेल किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडची अँटी-सीझ पेस्ट लावा. बोल्ट ए२ चा आणि नट ए४ चा, असा वेगळा ग्रेड घेतला तर चिकटण्याचं प्रमाण कमी होतं. सतत उघड-बंद होणाऱ्या जागी ८ टक्के मँगनीज आणि ४ टक्के सिलिकॉनचा नायट्रॉनिक ६० मिळतो. तो महाग आहे, पण कोरडाही चिकटत नाही.

टाक्यावरचा निळा-काळा रंग काढलाच पाहिजे का?

हो. त्या रंगाखालचं क्रोमियम वरच्या ऑक्साइडमध्ये गेलेलं असतं, म्हणून गंज तिथूनच धरतो. पिकलिंग पेस्ट लावून डब्यावर लिहिलेल्या वेळेनंतर भरपूर पाण्याने धुवा. उन्हात तापलेल्या पत्र्यावर पेस्ट लावू नका, ती वाळून डाग पाडते. पेस्टमध्ये हायड्रोफ्लुओरिक आम्ल असतं. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला दुखतही नाही, पण आत हाडापर्यंत जातं. जाड रबरी हातमोजे, चेहऱ्याला शील्ड आणि शेडमध्ये कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची ट्यूब हवीच. लागलं तर आधी पाणी, मग जेल, आणि लगेच दवाखाना. एमएसवर (साध्या स्टीलवर) वापरलेली ग्राइंडिंग डिस्क किंवा तारेचा ब्रश एसएसला लावू नका. त्यातले लोखंडाचे कण रुतून बसतात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात.